नेमणुकीचा कागद आणि रिकामी शाळा : 'बनगरवाडी'तील मास्तरचे पुनर्वाचन

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. मराठी प्रादेशिक कादंबरीचा विचार तिला वगळून करता येत नाही, इतके तिचे स्थान पक्के आहे. माणदेशातील उजाड माळ, मेंढरांच्या खांडावर चालणारे धनगरांचे जिणे, कमीत कमी शब्दांत उभी राहणारी माणसे आणि एका व्यक्तीऐवजी सबंध वाडीला नायकपण देणारी रचना, या गोष्टींवर समीक्षकांनी भरपूर लिहिले आहे आणि ते रास्तही आहे. महाविद्यालयांतून ही कादंबरी शिकविली जाते तीही बहुधा याच मुद्द्यांच्या आधारे. विद्यार्थी 'प्रादेशिकता', 'बोलीचा वापर' आणि 'समूहनायक' हे तीन शब्द पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळा होतो.

या सर्व चर्चेत एक साधी बाब मागे पडली आहे. कादंबरीतील पहिली घटना म्हणजे एका शिक्षकाची नेमणूक होय. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा तरुण, नव्याने मिळालेल्या मास्तरकीवर रुजू होण्यासाठी, पहाटेच्या अंधारात बनगरवाडीची वाट चालू लागतो. शेवटची घटना ही त्या नेमणुकीचा शेवट आहे. दुष्काळाने वाडी उठते, शाळेत मुले उरत नाहीत आणि मास्तर आला तसा परत निघतो. मधे जे काही घडते ते या दोन टोकांच्या आत घडते. असे असूनही मास्तर हा केवळ निवेदनाची सोय म्हणून वाचला गेला. वाडी पाहण्यासाठी लेखकाला बाहेरचा डोळा हवा होता, तो त्याने मास्तरच्या रूपाने मिळविला, अशी ही समजूत आहे. ती अपुरी आहे. 'बनगरवाडी' ही एका नेमणुकीची कथा म्हणून वाचली, तर गरीब वस्तीतील शिक्षणाची उणीव नवा शिक्षक पाठवून भरून काढण्याच्या कल्पनेवर मराठीत लिहिली गेलेली ही सर्वांत नेमकी टीका ठरते. मराठी गद्यात अन्यत्र ती इतक्या स्पष्टपणे आलेली नाही.

बेळगाव-निपाणी भागातील वाचकाला हे पुनर्वाचन परके वाटू नये. कादंबरी आली त्या वर्षी आटपाडीचा परिसर आणि हिंडलगा ही दोन्ही ठिकाणे एकाच मुंबई राज्यात होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. ज्या औंध संस्थानात ही कथा घडते ते संस्थानही एकभाषिक नव्हते. औंध, कुंडल आणि आटपाडी या मराठी मुलखाबरोबर विजापूरकडील गुणदाळ हा कन्नडभाषिक तालुकाही पंतप्रतिनिधींच्या अमलाखाली होता. म्हणजे राज्यकर्ता एक, प्रजेच्या भाषा दोन आणि शाळांसाठी मास्तर शोधण्याची अडचण मात्र सर्वत्र सारखी, हे दृश्य या भागाला नवे नाही.

प्रथम मास्तरच्या आगमनाकडे पाहू. नेमणुकीचा कागद त्याच्या हाती आहे आणि वाडीत शाळाही आहे, पण शाळेत मुले नाहीत. नव्या मास्तरला शिकवायला सुरुवात करण्याआधी विद्यार्थी गोळा करावे लागतात. यासाठी तो ज्याच्याकडे जातो तो कारभारी म्हणजे वाडीतील वयोवृद्ध, ज्याचा शब्द खाली पडत नाही असा माणूस. कारभारी मनावर घेतो तेव्हाच पोरे शाळेच्या दिशेने येऊ लागतात. माडगूळकरांनी हा प्रसंग कोणतेही भाष्य न करता सांगितला आहे आणि समीक्षकांनी तो वाडीच्या रीतिरिवाजांचा नमुना म्हणून पुढे सारला आहे. परंतु त्यातून निघणारा अर्थ दूरगामी आहे. संस्थानच्या दप्तरी ज्या क्षणी पद भरले गेले, त्या क्षणी शाळा सुरू झाली असे दप्तर मानते. वाडीच्या लेखी शाळा सुरू होते ती कारभाऱ्याच्या शब्दाने. या दोन क्षणांच्या मधले अंतर एकट्या मास्तरला पायी तुडवावे लागते आणि त्या कामाचा उल्लेख त्याच्या नेमणुकीच्या कागदात नसतो.

मुले का येत नाहीत याचे उत्तर कादंबरी अज्ञानात शोधत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. धनगराचे पोर म्हणजे घरातले एक कामाचे माणूस. मेंढरामागे कोणी गेले नाही तर लांडगा कोकरू नेतो, नाहीतर मेंढरू कुणाच्या पिकात शिरून भांडण उभे करते. मूल शाळेत बसले की घरातला एक राखणदार कमी झाला, हा हिशेब आईबापांना मास्तरपेक्षा चांगला कळतो. निपाणीतील विडी कामगारांच्या घरात हाच हिशेब वेगळ्या वस्तूंनी मांडला गेला आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी वळलेल्या विड्यांच्या हजारीवर ठरते, आणि पाने कातरायला किंवा तोंडे मिटायला एखादे लहान बोट मदतीला आले तर तेवढाच आकडा वाढतो. या घरांना 'शिक्षणाबद्दल उदासीन' ठरवणारे अहवाल कमी नाहीत. अशा अहवाललेखकांनी 'बनगरवाडी'ची पहिली काही प्रकरणे वाचली असती तर उदासीनता हा शब्द त्यांनी जपून वापरला असता.

पुढे मास्तर वाडीत रुळतो. पण तो कशामुळे रुळतो? अक्षरओळख, पाढे, वाचन यांमुळे नव्हे. तो लोकांची पत्रे वाचतो आणि लिहितो, भांडणात मध्यस्थी करतो, तालुक्याच्या गावी गेला की लोकांची कामे घेऊन जातो. रामा बनगरासारखा माणूस वर्षानुवर्षे साठविलेले राणीछाप रुपये मोडून आणण्यासाठी विश्वासाने त्याच्याकडे देतो. वाडीला बाहेरच्या जगाशी जोडणारा तो एकमेव लेखी दुवा आहे. वाडीला मास्तर हवा असतो तो प्रामुख्याने या कामासाठी. कादंबरीतील प्रसंगांचा जमाखर्च मांडला तर प्रत्यक्ष अध्यापनाच्या वाट्याला आलेली पाने फारच थोडी भरतात. याचा दोष माडगूळकरांना देणारे म्हणतील की लेखकाला शाळेत रस नव्हता. तसे नाही. लेखकाने जे पाहिले तेच लिहिले. एकशिक्षकी शाळेत शिक्षकाचा दिवस शिकविण्याव्यतिरिक्त सर्व गोष्टींत जातो, ही तक्रार आज जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहार आणि संगणकावर भरावयाची माहिती यांच्या निमित्ताने प्रत्येक शिक्षक संघटना करते. फरक इतकाच की सौंदणीकर मास्तर ही कामे वाडीसाठी करीत होता आणि आजचा शिक्षक ती कार्यालयासाठी करतो. वाडीसाठी केलेल्या कामातून निदान विश्वास तरी उत्पन्न होत असे.

हा विश्वास किती नाजूक धाग्यावर लोंबत असतो हे अंजीच्या चोळीच्या प्रसंगातून दिसते. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरकडे कापड देऊन चोळी शिवून आणायला सांगते. मास्तर ते काम सरळ मनाने करतो. त्याचा बोभाटा होतो, कारभारी दुखावतो आणि ज्या एका माणसाच्या आधारावर शाळा उभी आहे तो आधारच डळमळतो. हा प्रसंग सामान्यतः ग्रामीण नीतिकल्पनांचे किंवा अस्फुट प्रेमभावनेचे उदाहरण म्हणून शिकविला जातो. त्यात ते आहेच. परंतु शाळेच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचा अर्थ असा की, येथे संस्था नाही, केवळ दोन माणसांमधील मर्जी आहे. मर्जी गेली की शाळा गेली. पाठीशी शाळा समिती नाही, दुसरा सहकारी नाही, वरचा अधिकारी कोसच्या कोस दूर. विशीच्या आतबाहेरच्या मुलाला एकट्याने वस्तीत पाठवून त्याच्या शीलाची, संयमाची आणि व्यवहारज्ञानाची परीक्षा घेणारी ही व्यवस्था त्याला शिकविण्याचे साधन मात्र काही देत नाही. येथे एक विचार सहज मनात येतो की, सौंदणीकर मास्तरच्या जागी एखादी तरुण शिक्षिका असती तर ही कादंबरी किती पानांत संपली असती?

कादंबरीचा मध्य म्हणजे तालमीची उभारणी. कल्पना मास्तरची, श्रम वाडीचे. माती, दगड, लाकूड जमते, दादू बालट्यासारखा एखादा आडवा येतो, तरीही काम पुरे होते आणि उद्घाटनाला प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कडवे पुरस्कर्ते होते आणि १९३९ साली त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या संस्थानात तालमीला इतके महत्त्व का, हे सांगावे लागत नाही. समीक्षेने या भागाला कादंबरीचा उत्कर्षबिंदू मानले आहे. विखुरलेली वाडी एकत्र येते, श्रमदानातून वास्तू उभी राहते, बाहेरचा मास्तर आतला होतो. त्या काळात नव्या राष्ट्राच्या उभारणीचे जे वारे वाहत होते त्याच्याशी हे वाचन चांगले जुळत होते.

पण प्रश्न असा की तालीमच का? मास्तरचे काम शाळा चालविण्याचे. त्याने वाडीला एकत्र आणले ते शाळेसाठी का नाही? याचे उत्तर कादंबरीच्या ओघातच आहे. तालीम दिसते. ती बांधून पुरी झाल्याचे दाखविता येते, तिच्यासाठी राजाला बोलाविता येते आणि ती पोरांच्या कामाच्या वेळेवर हक्क सांगत नाही. दहा मुले वाचायला शिकली हे कोणाला बोलावून दाखविणार? एकाकी आणि नवख्या शिक्षकाला आपल्या असण्याचे काहीतरी प्रमाण हवे असते. वर्गात ते मिळायला वर्षे लागतात, म्हणून तो बांधकामाकडे वळतो. सौंदणीकर मास्तर प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, वाडीवर त्याचा जीव आहे, यात शंका नाही. तरीही तालमीचा प्रसंग हा त्याच्या यशाचा म्हणून वाचण्यापेक्षा त्याच्या मूळ कामातून त्याची सुटका झाली त्याचा म्हणून वाचणे अधिक खरे आहे. रंगविलेल्या भिंती आणि फीत कापण्याचे समारंभ पाहण्याची सवय असलेल्या आजच्या शिक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

मग दुष्काळ येतो. त्याआधीच लेखकाने शेकूचा प्रसंग ठेवला आहे, ज्यात जोडीचा बैल नसल्यामुळे त्याची बायको स्वतः जुवाखाली मान देते. हा प्रसंग वाचून हळहळणारे वाचक पुष्कळ आहेत. शाळेच्या कथेत त्याचे काम वेगळे आहे. ज्या घराच्या आणि उपासमारीच्या मधे एका बैलाचे अंतर आहे, त्या घरातील मुलाच्या शिक्षणाची हमी कोणता मास्तर देणार? पाऊस दडी मारतो, मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात. शाळा ओस पडते ती मास्तर वाईट होता म्हणून नव्हे. आणि नेमके येथेच दप्तराचा तर्क आपले काम करतो. मुले नाहीत म्हणून शाळा नाही आणि शाळा नाही म्हणून मास्तर नाही. जी मुले वाडी सोडून गेली ती कोठे गेली, तेथे त्यांना शाळा आहे काय, हा प्रश्न दप्तराला पडत नाही. नेमणूक ठिकाणाला चिकटलेली असते, मुलाला नव्हे.

हा तर्क संस्थानांबरोबर संपला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक असे प्रमाण घालून दिले. बनगरवाडीसारख्या शाळेला दुसरा शिक्षक मिळणे ही या कायद्याची मोठीच देणगी आहे. परंतु पटावरील संख्येनुसार पदे मंजूर करण्याची रीत कायम राहिल्याने स्थलांतर करणाऱ्या वस्त्यांना या देणगीचा लाभ अर्धवटच मिळतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले पटावरून निसटतात आणि त्यांच्या पाठोपाठ शिक्षकाचे पदही.

नव्या शिक्षकांच्या भरतीचे अलीकडचे मार्ग पाहिले म्हणजे 'बनगरवाडी'ची टीका किती पुढचे पाहणारी होती हे ध्यानात येते. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. प्रशिक्षित तरुणाने पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर काम करावे, अशी ही व्यवस्था. प्राथमिक शिक्षणसेवकाला आरंभी दरमहा तीन हजार रुपये मिळत. पुढे ते सहा हजार झाले आणि २०२३ मध्ये सोळा हजारांवर गेले. कर्नाटकात रिकाम्या पदांवर दरवर्षी अतिथी शिक्षक नेमले जातात. त्यांची मुदत शैक्षणिक वर्षापुरती असते आणि मानधन कायम शिक्षकाच्या वेतनाच्या जवळपासही जात नाही. २०२२ साली कर्नाटकाने सहावी ते आठवीसाठी पदवीधर शिक्षकांच्या पंधरा हजार पदांची भरती काढली, त्यांपैकी पाच हजार जागा कल्याण कर्नाटक विभागासाठी होत्या. बेळगाव जिल्हा त्या विभागात मोडत नसल्याने त्या राखीव हिश्श्याचा त्याला उपयोग नव्हता. स्वयंसेवी क्षेत्रात 'टीच फॉर इंडिया'ने २००९ पासून पुणे-मुंबईच्या गरीब वस्त्यांतील शाळांत दोन वर्षांसाठी पदवीधर तरुण पाठविण्यास सुरुवात केली.

या योजनांचे हेतू आणि दर्जा सारखे नाहीत, त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. दोन वर्षांसाठी स्वेच्छेने आलेला महानगरी पदवीधर आणि दर जून महिन्यात पुन्हा अर्ज करणारा अतिथी शिक्षक यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही सर्वांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे आणि ते बनगरवाडीच्या नेमणुकीतलेच आहे. शिक्षक तरुण असावा, स्वस्त असावा, उत्साही असावा आणि त्याला थोड्या काळासाठी सर्वांत अवघड जागी पाठवावे. अनुभवी आणि कायम शिक्षक मात्र बदलीच्या नियमांचा आधार घेत रस्त्यावरच्या, दिवाबत्तीच्या गावाकडे सरकत जातो. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, ज्याचे आईबाप वही तपासू शकत नाहीत, त्या मुलाला सर्वांत जाणत्या शिक्षकाची गरज असते. व्यवस्था त्याच्याकडे सर्वांत नवखा शिक्षक पाठविते आणि या वाटपाला समान संधीचे नाव देते. सौंदणीकर मास्तर बनगरवाडीत जे शिकला त्याचा लाभ पुढच्या कोणत्या शाळेला मिळाला असेल तो असो, बनगरवाडीला मिळाला नाही.

येथपर्यंत कादंबरीचे बळ सांगितले. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे आणि ती लहान नाही. 'बनगरवाडी' सबंध मास्तरच्या मुखातून येते. शाळा मुलाला कशी दिसली हे आपल्याला कळत नाही. ते कळायला मराठी वाचकाला आणखी पंचवीस-तीस वर्षे थांबावे लागले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, तेव्हा पालावरचे आणि वस्तीवरचे मूल स्वतः बोलू लागले. 'उचल्या'त शाळेत जाणाऱ्या मुलावर त्याचीच जमात वस्तीतील पोरांच्या आजारपणाचे खापर फोडते. शाळेला होणारा विरोध आतून कसा असतो, त्यात भीती किती आणि व्यवहार किती, हे मास्तरच्या जागेवरून दिसणे शक्यच नव्हते. म्हणून 'बनगरवाडी' एकटी शिकविणे पुरेसे नाही. तिच्याशेजारी 'उचल्या' ठेवली की मास्तरचा समंजसपणाही थोडा दूरचा वाटू लागतो.

ही मर्यादा सर्वाधिक जाणवते ती आयबूच्या बाबतीत. आयबू हा वाडीतील मुसलमान पोरगा. तो मास्तरचा सोबती होतो, त्याच्या कामाला हातभार लावतो, त्याच्या एकटेपणात शाळेच्या छपराखाली त्याच्या बरोबर असतो. माणदेशातल्या धनगरवस्तीत एखादे मुलाण्याचे घर असावे आणि ते वाडीच्या जगण्यात सहज मिसळलेले असावे, हे चित्रण माडगूळकरांनी कोणताही गाजावाजा न करता केले आहे. त्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. मराठी साहित्यातील मुस्लिम व्यक्तिरेखांची चर्चा करताना आयबूचे नाव आदराने घेतले जाते तेही योग्यच. पण शाळेच्या सर्वांत जवळ वावरणारा हा मुलगा कादंबरीच्या दृष्टीने कोण आहे? लेखकाचा भर त्याच्या निष्ठेवर आणि सोबतीवर आहे, त्याच्या शिकण्यावर नाही. तो उद्या शिकून याच शाळेत मास्तर होईल, ही शक्यता मास्तरच्या मनात येत नाही, कारभाऱ्याच्या मनात येत नाही आणि लेखकाच्याही मनात आलेली दिसत नाही. मास्तर हा बाहेरूनच यायचा, हे सर्वांनी धरून चाललेले आहे.

हे गृहीत धरणे त्या काळातही अपरिहार्य नव्हते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढताना जोतीराव फुल्यांना शिक्षिका मिळणे अशक्य होते. त्यांनी बाहेरून माणूस आणण्याऐवजी सावित्रीबाईंना शिकविले आणि त्या शिक्षिका झाल्या. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. फातिमा शेख यांच्याविषयी आज जे सांगितले जाते त्यातील बरेचसे या एका उल्लेखाच्या पलीकडचे आहे आणि २०२५ च्या आरंभी त्यावरून मोठा वादही झाला. अभ्यासकांनी साधनांच्या मर्यादेत राहूनच बोलावे. मात्र त्या पत्रातला तो उल्लेख फुल्यांच्या शाळांच्या कामाशी जोडलेल्या एका मुस्लिम स्त्रीचा आहे, एवढेही थोडे नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम मुलांसाठी वसतिगृहाची सोय झाली, ती समाजातूनच शिकलेली पिढी उभी राहावी म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर या विचाराला संस्थेचेच रूप दिले. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले आणि जेथे शाळाच नव्हत्या अशा खेड्यांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. खेड्यातल्या मुलाने बोर्डिंगात राहून शिकावे, शिक्षक व्हावे आणि खेड्यातच शिकवावे, हे त्यांचे चक्र होते. सातारा आणि आटपाडी यांच्यातले अंतर फार नाही. सौंदणीकर मास्तर बनगरवाडीच्या वाटेवर निघाला तो काळ आणि रयतेचे हे काम वाढीला लागले तो काळही जवळपास एकच आहे.

आतून आलेला शिक्षक म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध, असेही समजण्याचे कारण नाही. गावातल्या माणसाला गावातले हेवेदावे चिकटलेले असतात, आणि ज्या जातीचा प्रभाव त्याच जातीचा 'स्थानिक' उमेदवार निवडला जाण्याचा धोका कायम असतो. स्थानिक भरतीच्या नावाखाली पात्रतेची अट ढिली झाली तर नुकसान त्याच गरीब मुलांचे होते. म्हणून येथे मुद्दा जन्मगावाचा नाही, ओळखीचा आणि टिकण्याचा आहे. वस्तीला ओळखणारा आणि तेथे दहा वर्षे राहू शकेल एवढे वेतन व सन्मान मिळणारा शिक्षक, अशी ती जोडी आहे. यातील एकच बाजू घेतली तर शिक्षणसेवक तयार होतो किंवा बदलीची वाट पाहणारा कायम शिक्षक.

ओळखीत भाषा आलीच. 'बनगरवाडी'चे निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद माणदेशी बोलीत. मास्तर स्वतः त्याच मुलखातला असल्याने वाडीचे बोलणे त्याला दुभाष्याशिवाय कळते. त्याच्या जवळ जे थोडे भांडवल आहे त्यात हे सर्वांत मोठे आहे आणि ते त्याला नेमणुकीच्या कागदाने दिलेले नाही. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या हिंडलग्यात या मुद्द्याची किंमत कोणाला समजावून द्यावी लागत नाही. हे गाव बाहेरच्यांना मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत असते. सीमाभागातील माणसाला ते १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांच्या स्मारकामुळे माहीत आहे. दर १ जूनला तेथे माणसे जमतात. शाळेत कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून असावी, या प्रश्नावर येथे माणसांचे प्राण गेले आहेत. पण इतकी किंमत मोजूनही वर्गात उभा राहणारा शिक्षक कोण, हा प्रश्न आंदोलनांच्या मागण्यांत कायम दुय्यम राहिला. माध्यम मिळाले तरी त्या माध्यमातून नीट शिकविणारा माणूस मिळाला नाही, तर मिळालेले माध्यम पाटीवरच राहते.

सीमाभागातील मुस्लिम मुलाची स्थिती यात आणखी गुंतागुंतीची आहे. घरात दखनी, गल्लीत मराठी, कचेरीत कन्नड आणि शाळा उर्दूची असेल तर पुस्तकी उर्दू. निपाणीकडील खेड्यांत अनेक मुस्लिम कुटुंबांची मुले मराठी शाळेतच जातात. या मुलाला लागणारा शिक्षक चारही भाषांचा पंडित असण्याची जरुरी नाही, पण मूल कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत पाऊल टाकीत आहे हे त्याला उमगले पाहिजे. असा शिक्षक भरतीच्या गुणवत्ता यादीने सापडत नाही. तो याच गल्ल्यांतून तयार करावा लागतो. त्याच्या आड येणाऱ्या गोष्टी मात्र अगदी व्यावहारिक आहेत. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. राहणे एका राज्यात, पदवी दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाची आणि शिक्षक पात्रता परीक्षा प्रत्येक राज्याची वेगळी. या फेऱ्यातून पार पडणाऱ्या मुलाला, त्यातही घरातली पहिलीच पदवीधर असलेल्या मुलीला, कोणत्या परीक्षेला बसावे आणि कोणती कागदपत्रे जमवावीत हे सांगणारा पहिला माणूस म्हणजे तिचा महाविद्यालयातील प्राध्यापक. अध्यापक निवडीचे काम सरकारी जाहिरातीच्या कितीतरी आधी त्याच्या वर्गात सुरू झालेले असते.

'बनगरवाडी' बहुतेक वेळा बी.ए.च्या मराठीच्या वर्गात शिकविली जाते. तिची खरी जागा डी.एड. आणि बी.एड.च्या वर्गातही आहे, आणि तेथे ती ललित कृती म्हणून थोडी व प्रत्यक्ष कामाचा दाखला म्हणून अधिक वाचली गेली पाहिजे. पहिल्या नेमणुकीवर निघालेल्या विद्यार्थ्याला पाठ टाचणाच्या नमुन्यांइतकाच कारभाऱ्याच्या दारातला प्रसंग उपयोगी पडेल. याच वर्गात तालमीच्या प्रकरणावर वाद घालता येईल. त्यात मास्तरची बाजू घेणारे अधिक निघतील हे उघड आहे.

या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वाडीला भिंती नव्हत्या अशा अर्थाचे शीर्षक तिला देण्यात आले. परदेशी वाचकाला ते काव्यमय वाटले असेल. कादंबरीच्या अखेरीस मात्र भिंती आहेत. शाळेच्या आहेत, तालमीच्या आहेत. त्यांच्या आत कोणी नाही, आणि मास्तर वळकटी उचलून निघतो त्या वेळी वाडीत पुढचा मास्तर होऊ शकेल असे कोणीही मागे राहिलेले नाही.